सरकारी कार्यालयातला सेवापूर्ती समारंभ: पहिल्यांदाच जबाबदारी अंगावर आलेल्यांसाठी

तहसील कार्यालयात कोणी निवृत्त होणार असलं की समारंभाची जबाबदारी बहुधा नव्याने रुजू झालेल्या महसूल सहायकाच्या गळ्यात पडते. 'तू बघ रे सगळं' एवढीच सूचना मिळते. शाल, श्रीफळ आणि फ्लेक्स कोणीही आणतो. पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला आपल्या कामाची दखल घेतली गेली असं वाटणं मात्र दोन गोष्टींवर ठरतं: पेन्शनची फाइल वेळेत निघाली का, आणि मानपत्रात लिहिलेलं खरोखर त्याच्याबद्दल आहे का. उदाहरणं महसूल खात्यातली घेतली आहेत. सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा किंवा कृषी खात्यातही पद्धत साधारण हीच.

1. आधी तारीख पक्की करा

राज्य शासनात गट अ, ब आणि क मधले कर्मचारी 58 व्या वर्षी निवृत्त होतात, गट ड मधले 60 व्या. ज्या महिन्यात वय पूर्ण होतं त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी, मध्यान्हानंतर. जन्म 1 तारखेचा असेल तर मात्र आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. ही 1 तारखेची भानगड नीट लक्षात ठेवा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट 1 जून लावलेली एक अख्खी पिढी आहे, आणि तिची निवृत्ती 30 जूनला नाही, 31 मे रोजी असते. म्हणून त्या दिवशी जिल्ह्यात एकाच वेळी अनेक समारंभ असतात. सभागृह, आचारी, फोटोग्राफर आणि वरिष्ठांची वेळ, सगळ्यांचीच ओढाताण होते. शिवाय सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मे मध्येच होतात, त्यामुळे ज्याच्यावर काम सोपवलंत तोच मेअखेर दुसऱ्या तालुक्यात गेलेला असू शकतो. प्रत्येक कामाला दोन माणसं ठेवा.

तारीख सुट्टीची आहे का तेही पाहा. पाच दिवसांचा आठवडा 29 फेब्रुवारी 2020 पासून लागू झाल्याने शनिवारही सुट्टीत जातो. 31 मे 2026 हा रविवार आहे, म्हणजे समारंभ शुक्रवारी 29 ला. सेवा मात्र 31 पर्यंतच मोजली जाते. मानपत्रावर आणि फ्लेक्सवर निवृत्तीचा दिनांक 31 मे घाला, कार्यक्रमाचा 29 मे. या दोन तारखांची गल्लत हमखास होते.

आचारसंहिता लागू असेल तर लोकप्रतिनिधींना व्यासपीठावर बोलावू नका. कार्यक्रम घरगुती ठेवा.

2. पेन्शनची फाइल कुठे आहे ते विचारा

हे काम समारंभ समितीचं नाही असं वाटेल, पण आमच्या मते तुमच्या यादीत पहिलं हेच असावं. गळ्यात हार पडला आणि पुढचे आठ महिने पेन्शनचा पत्ता नाही, असा सत्कार काय कामाचा?

निवृत्तिवेतन प्रकरण निवृत्तीच्या किमान सहा महिने आधी महालेखापालांकडे गेलेलं असावं लागतं. विदर्भ आणि मराठवाड्यातली प्रकरणं नागपूरला जातात, बाकीची मुंबईला. आस्थापना शाखेत जाऊन ही चौकशी करा:

- सेवापुस्तकावर वेतन पडताळणी पथकाचा शिक्का आहे का? सगळ्यात जास्त प्रकरणं इथेच अडकतात. जुन्या वेतननिश्चितीत चूक निघाली की अतिप्रदानाची (म्हणजे चुकून जादा दिल्या गेलेल्या पगाराची) वसुली शेवटच्या महिन्यात अंगावर येते.
- स्थायित्व प्रमाणपत्र (नोकरीत कायम झाल्याचं), मराठी-हिंदी भाषा परीक्षा उत्तीर्ण झाल्याची किंवा सूट मिळाल्याची नोंद आणि संगणक अर्हतेची नोंद आहे का?
- सेवापुस्तक, आधार, पॅन आणि बँक पासबुक यांवरचं नाव तंतोतंत एक आहे का? लग्नानंतर नाव बदललेल्या महिला कर्मचाऱ्यांच्या बाबतीत हे आधी पाहा.
- पती-पत्नीचा एकत्रित फोटो, कुटुंबाचा तपशील आणि नामनिर्देशन अद्ययावत आहे का?
- ना-देय (काही देणं बाकी नसल्याचं) आणि विभागीय चौकशी नसल्याचं प्रमाणपत्र तयार आहे का? सरकारी निवासस्थान घेतलेलं असेल तर त्याचं ना-देय वेगळं.
- भविष्य निर्वाह निधीचं अंतिम प्रदान, 1982 च्या गटविमा योजनेची रक्कम आणि अर्जित रजेचं रोखीकरण (कमाल 300 दिवस) यांचे प्रस्ताव निघाले का?

निवृत्तिवेतन प्रदान आदेश वेळेत हाती आला असेल तर तो समारंभात कार्यालय प्रमुखांच्या हस्ते द्या. शालीपेक्षा टाळ्या त्या पाकिटाला जास्त पडतात. आला नसेल तर मंचावर 'लवकरच मिळेल' अशी घोषणा करू नका.

1 नोव्हेंबर 2005 किंवा त्यानंतर नियुक्त झालेल्यांची पेन्शनची वाट वेगळी आहे. त्यांच्यासाठी वरची यादी जशीच्या तशी वापरू नका.

3. वर्गणी आणि भेटवस्तू: नियम काय म्हणतो

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 वाचून घ्या. निवृत्तीनिमित्तचा निरोप समारंभ चालतो, पण तो खाजगी आणि अनौपचारिक स्वरूपाचा असला पाहिजे. वर्गणीसाठी कोणावरही दबाव आणता येत नाही. आणि गट अ किंवा ब मधल्या अधिकाऱ्याच्या निरोपासाठी गट क आणि ड मधल्या कर्मचाऱ्यांकडून वर्गणी गोळा करता येत नाही, त्यांनी आपणहून दिली तरी. म्हणजे नायब तहसीलदार निवृत्त होत असतील तर खर्च अधिकाऱ्यांनी उचलायचा. शिपाई, कोतवाल आणि महसूल सहायकांकडे डबा फिरवायचा नाही. मंडळ अधिकारी किंवा शिपाई निवृत्त होत असतील तर सगळे मिळून काढू शकतात, पण राजीखुशीने.

कोणी किती दिले ही यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. एका माणसाकडे पैसे, दुसऱ्याकडे हिशेबाची वही, आणि कार्यक्रमानंतर एकूण जमा-खर्च सांगायचा. तेवढं पुरे.

बाहेरच्या माणसाचा एक रुपयाही घेऊ नका. दस्तलेखक, मुद्रांक विक्रेते, गौण खनिजाचे ठेकेदार 'साहेबांसाठी आमच्याकडून जेवण' म्हणत येतील. हात जोडून नाही म्हणायचं. शेवटच्या दिवशी आलेली तक्रार निवृत्त माणसाला चौकशीच्या फेऱ्यात अडकवू शकते.

भेटवस्तू ठरवताना जोडीदाराला गुपचूप विचारा. भिंतीवरची घड्याळं आणि विठ्ठल-रखुमाईच्या मूर्ती प्रत्येक निवृत्ताच्या घरी तीन-चार साठलेल्या असतात. त्यापेक्षा त्यांच्याकडे असलेल्या पहिल्या नियुक्ती आदेशाची रंगीत प्रत फ्रेम करून द्या, किंवा ज्या ज्या कार्यालयात ते होते तिथल्या सहकाऱ्यांच्या हस्ताक्षरातली एक वही करा. वही फिरवायला महिनाभर लागतो, म्हणून लवकर सोडा. अभिलेख कक्षातला मूळ कागद मात्र भेट म्हणून काढू नका. ते शासकीय अभिलेख आहेत.

4. सेवेचा आढावा काढा

इथे घाई केली तर पुढचं सगळं पोकळ होतं. निवृत्त होणाऱ्या व्यक्तीची परवानगी घेऊन आस्थापना शाखेत सेवापुस्तक पाहा. कोरा कागद घेऊन चार रकाने आखा: कालावधी, पद, ठिकाण, काय काम केलं. पहिले तीन सेवापुस्तकातून भरतात. चौथा त्यात कधीच नसतो, तो माणसांकडून भरायचा.

सेवापुस्तक वाचताना तीन ठिकाणी चूक होते.

पहिलं, एकूण सेवा. समजा नियुक्ती 12 मार्च 1991 ची आणि निवृत्ती 31 मे 2026 ची, तर सेवा 35 वर्षं 2 महिने 20 दिवस. नियुक्तीचा आणि निवृत्तीचा, दोन्ही दिवस मोजायचे. पेन्शनच्या कागदावरची अर्हताकारी सेवा (पेन्शनसाठी धरली जाणारी) असाधारण, म्हणजे बिनपगारी, रजेमुळे कमी दिसू शकते. मानपत्रात ती घालू नका, नाहीतर नसता प्रश्न उभा राहतो.

दुसरं, जिल्ह्यांची नावं. नंदुरबार आणि वाशिम 1998 मध्ये, हिंगोली आणि गोंदिया 1999 मध्ये, पालघर 2014 मध्ये वेगळे झाले. 1991 साली शहाद्याला रुजू झालेल्याच्या सेवापुस्तकात जिल्हा धुळे दिसेल. 'तत्कालीन धुळे जिल्ह्यातील शहादा' असं लिहा. धाराशिव, छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगर यांना आजचं अधिकृत नाव वापरा.

तिसरं, पदनाम. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण 1998 साली ते तलाठीच होते. त्या काळचं पदनाम तसंच ठेवा.

शिक्षा, ठपके, रोखलेली वेतनवाढ यांतलं काहीही कागदावर उतरवू नका आणि चहाच्या टपरीवर बोलूही नका.

आता चौथा रकाना. जुन्या सहकाऱ्यांना, पूर्वीच्या सजातल्या (तलाठ्याकडे असलेल्या गावांमधल्या) कोतवालाला, निवृत्त वरिष्ठांना फोन करा. 'कसे होते हो?' असं विचारलंत तर 'फार चांगला माणूस' एवढंच मिळेल. काळ आणि घटना धरून विचारा:

- 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपाच्या वेळी ते लातूर-धाराशिव भागात होते का? पंचनाम्यांना होते का?
- 26 जुलै 2005 चा पाऊस, 2019 चा सांगली-कोल्हापूरचा महापूर, त्या वेळी ड्यूटी कुठे होती?
- 2001 आणि 2011 च्या जनगणनेत कोणतं काम होतं?
- सातबाराचं संगणकीकरण झालं तेव्हा त्यांच्या सजातल्या चुका कोणी दुरुस्त केल्या?
- मतपेट्या होत्या तेव्हापासून ते मतदान यंत्रापर्यंत किती निवडणुका केल्या? दुर्गम केंद्र कोणतं?
- कोविडच्या काळात चेकपोस्ट, विलगीकरण केंद्र की धान्यवाटप?
- नव्या माणसाला फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) कसा लिहायचा हे कोणी शिकवलं?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा सगळ्यात चांगलं निघतं. एकाच माणसाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्याकडून ताडून घ्या, आणि मानपत्रात घालण्याआधी सत्कारमूर्तींच्या घरच्यांना वाचून दाखवा.

5. मानपत्र लिहा

दोनशे शब्दांच्या आत. मंचावर वाचायला दोन-अडीच मिनिटं लागतात, त्याहून लांब झालं की मागच्या रांगेत मोबाइल निघतात.

'कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, हसतमुख, अजातशत्रू' हे शब्द प्रत्येक मानपत्रात असतात, म्हणून ते कोणाबद्दलच काही सांगत नाहीत. खाली एकाच माणसाबद्दलची दोन वाक्यं नमुन्यादाखल दिली आहेत:

'आपण अत्यंत निष्ठेने व प्रामाणिकपणे अभिलेख कक्षाचे कामकाज सांभाळले.'

'आपण अभिलेख कक्षाचा पदभार घेतला तेव्हा गठ्ठे जमिनीवर होते. आपण ते गावनिहाय लावले, प्रत्येक गठ्ठ्यावर यादी चिकटवली. आज जुन्या फेरफाराची नक्कल मागणाऱ्याला पुढची तारीख द्यावी लागत नाही, ती त्यामुळे.'

दुसरं वाक्य ऐकताना सभागृहातले चार जण माना डोलावतात, कारण त्यांनी ते गठ्ठे पाहिलेले असतात. अशा दोन गोष्टी पुरतात, तिसरी नको.

रचना साधी ठेवा: नाव आणि पद, रुजू झाल्याचं ठिकाण आणि वर्ष, पदोन्नतीचा प्रवास एका वाक्यात, त्या दोन गोष्टी, कुटुंबाचा एक उल्लेख, शुभेच्छा, दिनांक, 'सर्व अधिकारी व कर्मचारी' आणि कार्यालयाचं नाव. कविता घालायचा मोह आवरा. शासकीय बोधचिन्ह वापरू नका, कारण हा कार्यालयीन आदेश नाही, सहकाऱ्यांचा कागद आहे.

छपाईत एक हमखास फसगत होते. तुम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करून पाठवता, फ्लेक्सवाल्याच्या जुन्या कोरलड्रॉमध्ये श्रीलिपीचा फॉन्ट असतो. मजकूर तिकडे चिकटवला की रफार पुढच्या अक्षरावर उडी मारतो, ऱ्हस्व वेलांट्या सरकतात, 'कार्यालय'चं भलतंच काही होतं. म्हणून शब्दफाइलसोबत पीडीएफही पाठवा, आणि छापण्याआधी प्रूफ मागवून दोन जणांनी ते मोठ्याने वाचा. 'शुभेच्छुक' हा शब्द दोनदा तपासा. तो बहुतेक फ्लेक्सवर 'शुभेच्छूक' असतो. मानपत्र ए-थ्री आकारात, जाड कागदावर, फ्रेमसह. फ्रेमला काचेऐवजी ॲक्रिलिक लावा, हार-तुऱ्यांच्या गर्दीत काच फुटते.

6. सामानाची यादी

- शाल 1, आणि अचानक आलेल्या पाहुण्यांसाठी 2 जादा. प्लॅस्टिकचं वेष्टन आणि किमतीची चिठ्ठी आदल्या दिवशीच काढा.
- श्रीफळ 3. शेंडीसकट हवेत, हलवून आत पाणी आहे का पाहून घ्या.
- फेटा आणि फेटा बांधणारा माणूस. तयार फेटा घेतलात तर डोक्याचं माप घ्या.
- पुष्पगुच्छ आणि हार. मे महिन्यात झेंडूचा हार टिकतो, निशिगंध दुपारीच मान टाकतो.
- जोडीदारासाठी साडी किंवा कपडे.
- औक्षणाचं ताट: निरांजन, हळद-कुंकू, अक्षता, सुपारी. काडेपेटी विसरू नका.
- फ्लेक्स 6 बाय 4 फूट, फक्त सभागृहात. रस्त्यावर लावायचा तर नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी लागते.
- माइकचे दोन संच, जादा सेल.
- मंचाजवळ एक टेबल आणि त्यावर कार्यक्रमाच्या क्रमाने मांडलेले तबक. टेबलावर एकच माणूस उभा राहील, तो दुसरं काही करणार नाही.

ओटी भरायची असेल तर कार्यक्रमाआधी घरच्यांशी बोला. सत्कारमूर्ती किंवा कुटुंबातली कोणी विधवा असेल आणि ऐन मंचावर कुजबुज सुरू झाली, तर सगळ्या कार्यक्रमाचा विचका होतो. सगळ्यांना सारखं पुष्प द्यायचं असं ठरवलंत तर हा पेचच उरत नाही.

7. नव्वद मिनिटांची कार्यक्रमपत्रिका

कार्यालयाची वेळ 9.45 ते 6.15. कामाच्या वेळेत घ्यायचं असेल तर प्रमुखांची संमती घ्या आणि आवक-जावकची खिडकी उघडी ठेवा. उतारा न्यायला चाळीस किलोमीटरवरून आलेल्या माणसाला 'आज साहेबांचा सत्कार आहे' म्हणून परत पाठवणं बरं नाही.

स्वागत आणि दीपप्रज्वलन 5 मिनिटं, प्रास्ताविक 5, मानपत्र वाचन आणि प्रदान 5, सत्कार 10, मनोगतं 25, कुटुंबातल्या एकाचे दोन शब्द 5, सत्कारमूर्तींचं मनोगत 15, अध्यक्षीय भाषण 10, आभार 3. बाकीची सात मिनिटं हातची ठेवा.

मानपत्र सत्काराच्या आधी वाचा. सत्कारानंतर फोटोंची झुंबड उडते आणि वाचणाऱ्याकडे कोणाचं लक्ष नसतं.

मनोगतासाठी सहाच जण, प्रत्येकी चार मिनिटं. निवड करताना हुद्दा पाहू नका: एक शिपाई किंवा कोतवाल, एक अगदी नवा कर्मचारी, एक जुन्या कार्यालयातला, एक समवयस्क, एक संघटनेचा, एक वरिष्ठ. पहिल्याच वक्त्याने वेळ पाळली तर बाकीचे पाळतात, म्हणून पहिला नेमस्त बोलणारा घ्या. 'दोन शब्द' म्हणून वीस मिनिटं घेणारा प्रत्येक कार्यालयात असतो आणि तो कोण हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्याकडे आभारप्रदर्शन देऊ नका, सूत्रसंचालन तर मुळीच नाही.

सत्कारमूर्ती बोलत असताना नाश्त्याच्या प्लेटा वाजता कामा नयेत. आचाऱ्याला तशी ताकीद द्या.

एकाच महिन्यात तीन-चार जण निवृत्त होत असतील तर समारंभ एकत्र चालेल, पण मानपत्र प्रत्येकाचं वेगळं आणि वाचनही वेगळं. शिपाई आणि तहसीलदार एकाच दिवशी निवृत्त होत असतील तर शिपायाचा सत्कार आधी घ्या. नंतर घेतलात तर खुर्च्या रिकाम्या झालेल्या असतात.

8. नाश्ता

शंभर माणसांना प्रत्येकी दोन बटाटेवडे धरले तर दोनशे, वर वीस जादा. जिलेबी 8 ते 10 किलो. पेढे वाटायचे तर साधारण 25 ग्रॅमचा एक पेढा, म्हणजे अडीच किलोत शंभर. चहा 7 लिटर. पाण्याचे 20 लिटरचे चार जार, मे महिन्यात सहा. वाहनचालक, सफाई कामगार आणि बाहेर थांबलेला पोलिस यांच्या प्लेटा आधी बाजूला काढा.

9. शेवटच्या दिवशीचे कागद

कार्यक्रमाच्या गडबडीत हे राहून जातं आणि मग निवृत्त माणसाला पुन्हा पुन्हा बोलावलं जातं. सकाळीच आटपा:

- कार्यभार हस्तांतरणाची यादी, देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या सह्यांसह, तीन प्रती. एक सत्कारमूर्तींच्या हातात.
- कार्यमुक्ती आदेश.
- ओळखपत्र, कपाटाच्या किल्ल्या, शिक्के, लॅपटॉप, प्रिंटर परत केल्याची पोच.
- तलाठी किंवा मंडळ अधिकारी असतील तर डिजिटल स्वाक्षरीचं टोकन आणि ई-फेरफारचं लॉगिन बंद केल्याची लेखी नोंद. हे टाळू नका. त्यांच्या नावाने नंतर कोणी सही केली तर उत्तर त्यांनाच द्यावं लागेल.

घरी सोडायला सरकारी गाडी सजवू नका. सहकाऱ्याची गाडी घ्या आणि भेटवस्तू, हार, फ्रेम उचलायला दोघांना सोबत पाठवा.

विभागीय चौकशी प्रलंबित असेल तर तात्पुरतं निवृत्तिवेतन मिळतं, अंतिम प्रकरण थांबतं. अशा वेळी समारंभ लहान करा, पण रद्द करू नका. भाषणांत त्या विषयाकडे बोटही जाऊ देऊ नका.

10. पहिली पेन्शन जमा होईपर्यंत

फोटो आठवड्याभरात पेन ड्राइव्हवर द्या. ग्रुपवरचे फोटो दाबले जातात आणि छापता येत नाहीत. हिशेब मिटवा.

त्यानंतर कोषागारात ओळख तपासणीसाठी जायचं असतं. सोबत एक सहकारी पाठवा, शक्यतो लेखा शाखेतला. न्यायचे कागद: निवृत्तिवेतन प्रदान आदेशाची प्रत, आधार, पॅन, बँक पासबुक, पती-पत्नीचे फोटो, अखेरचं वेतन प्रमाणपत्र. मूळ कागद आणि प्रत्येकाच्या दोन छायाप्रती. उपदान (ग्रॅच्युइटी) आणि अंशराशीकरणाचे (पेन्शनचा काही भाग एकरकमी घेण्याचे) आदेश वेगळे येतात, ते आले का तेही त्याच फेरीत विचारून घ्या.